सरकत्या दाराचा दावा

आमच्या व्हॅनचं दार लागत नाही ही गोष्ट मी बरीच वर्षं कबूल केली नव्हती. मी अमरावतीच्या कोर्टातला दिवाणी वकील. दिवाणी वकिलाने कुठलीच गोष्ट पहिल्या तारखेला कबूल करू नये, असं माझे सीनियर सांगायचे. दार लागतं, फक्त लागून राहत नाही, असा माझा बचाव होता. आणि तो खराही होता. डावीकडचं ते एकुलतं एक सरकतं दार जोर लावून पुढे ढकललं की 'खट्' असा मोठा समाधानकारक आवाज येई. आपण निश्चिंत मनाने गाडी सुरू करावी, तर पहिल्या वळणापर्यंत ते कुणाला न विचारता हळूच मागे सरकलेलं असे. मानेवर वारा लागला की समजायचं, दार गेलं.

खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. दुपारच्या जेवणानंतर माझा निम्मा मेंदू मिटतो आणि उरलेल्या निम्म्यात काहीबाही दिसायला लागतं. कोर्टात दुपारच्या सत्रात समोरचा वकील सातबाऱ्यावर बोलत असताना मला त्या सातबाऱ्यातलं शेत, शेतातली बाभूळ आणि बाभळीखाली झोपलेला मी स्वतः असं स्पष्ट दिसतं. अशा माणसाला उघड्या दाराची व्हॅन सोसते. डाव्या अंगाने सगळं गाव वाहत जातं, तळलेल्या भज्यांचा वास येतो, आणि आपण घरी जातोय की घरून निघालोय हे लक्षात राहत नाही. माझी पत्नी कुंदा म्हणते की ते मला तसंही लक्षात राहत नाही.

दाराचं प्रकरण अंगाशी आलं ते कुंदाच्या गुडघ्यामुळे. तिचा गुडघा बदलला. दवाखान्यातून तिला व्हॅनमध्ये घातलं, मधली सीट काढून पाय लांब करायला जागा केली, आणि मी हळूहळू घरी आणत होतो. राजकमल चौकात ब्रेक मारला. दार धाडकन पुढे येऊन आपटलं, आपटून परत मागे गेलं, आणि तिचा चार पायांचा नवा वॉकर दारातून उतरून रस्त्याने थोडं अंतर एकटाच चालत गेला. कुंदा काही ओरडली नाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज हा गेला. उद्या मी जाईन. आता दार लागल्याशिवाय मी या गाडीत बसणार नाही."

हेही मी तारखेवर तारीख घेऊन रेटलं असतं, पण तेवढ्यात मोर्शीहून गोपालचा फोन आला. गोपाल म्हणजे कुंदाचा धाकटा भाऊ. मोर्शीचा संत्र्याचा बगीचा तोच पाहतो. तो म्हणाला, "ताई, यंदा बगीचा काढून राहिलो. झाडं म्हातारी झाली, डिंक्या रोगानं अर्धी वाळली. बहार फुलला आहे तेवढा उतरू देतो, मंग ट्रॅक्टर लावतो."

कुंदा म्हणाली, "बरं." फोन ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसून राहिली. तिथूनच म्हणाली, "विहिरीजवळच्या झाडाचं कलम नानांनी माझ्यासमोर बांधलं होतं. ते खुंटावर कलमाचा डोळा भरायचे अन् मी सुतळी धरून उभी राहायची. सुतळी ढिली सोडली की टपली मारायचे." नाना म्हणजे तिचे वडील. मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "मले एकदा त्या झाडाखाली बसाचं आहे. बहार आहे तोवर."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कुंदा 'मले' म्हणते ते फक्त अगदी आतलं काही बोलायचं असलं तर. एरवी ती माझ्याशी छापील बोलते. मी तिथेच शब्द दिला की बहार उतरायच्या आत तुला त्या झाडाखाली नेऊन बसवतो. आंबिया बहार म्हणजे फार दिवसांचा मामला नाही. फुलं उमलतात, चारी बाजू घमघमतात, आणि आपण 'जाऊ, जाऊ' म्हणेपर्यंत खाली पांढरा सडा पडलेला असतो. हे मला ठाऊक होतं. पण शब्द देताना मला फक्त बहार दिसत होता, दार दिसत नव्हतं.

सोपा मार्ग होता, तो मी नाकारला असं कुणी म्हणू नये. समोरच्या बंगल्यातल्या शेखरने स्वतःहून आपली नवी गाडी देऊ केली. शेखरच्या गाडीचं दार नुसतं टेकवलं की उरलेलं ते स्वतः लावून घेतं, आणि ते कसं लावून घेतं हे शेखर कॉलनीतल्या प्रत्येकाला एकेकटं गाठून दाखवत असतो. मी दातओठ खाऊन हो म्हटलं. कुंदाला मागच्या सीटवर आडवं बसवलं. पण तिचा पाय दुमडेना, आणि लांब केला तर टाच दाराबाहेर. गाडीने तीनचारदा दार लावून घेण्याचा प्रयत्न केला, दर वेळी तिच्या चपलेला टेकून माघार घेतली, आणि शेवटी बाईच्या आवाजात दार उघडं असल्याची तक्रार सुरू केली. इतकी नव्या तऱ्हेची गाडी, तिचंही दार लागेना, हे पाहून मला जो आनंद झाला तो एका सुशिक्षित माणसाला शोभणारा नव्हता. पण त्याने एक सिद्ध झालं. कुंदाला मोर्शीला नेऊ शकेल असं वाहन पृथ्वीवर एकच होतं, आणि ते माझ्या फाटकासमोर उघडं पडलं होतं.

व्हॅनचं दार दुरुस्त करायचं आहे ही बातमी कॉलनीत पसरली आणि सल्लागार जमू लागले. शेजारचे पुंजाजी सगळ्यांत आधी आले. पुंजाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी बुद्धवंदना झाली की चहाचा कप हातात घेऊनच ते आमच्या फाटकात येतात आणि माझ्या आयुष्यावर देखरेख करतात. कोपऱ्यावरच्या एका गृहस्थांनी वास्तुशास्त्र काढलं. त्यांचं म्हणणं, व्हॅन पश्चिमेकडे तोंड करून उभी असते म्हणून दार दक्षिणेला येतं, आणि दक्षिणेचं दार टिकत नसतं. गाडी पूर्वेकडे तोंड करून लावा, दार उत्तरेला येईल, आपोआप लागेल.

पुंजाजी म्हणाले, "काहून जी, दाराले दिशा समजते तं मंग ड्रायव्हर कायले पायजे?"

मला पटलं पुंजाजींचं, पण ऐकलं दुसऱ्याचं. आपल्याकडे असंच होतं. अरुंद गल्लीत व्हॅन उलटी फिरवताना शेखरच्या फाटकाच्या खांबाची कड उडाली. दार उत्तरेला आलं आणि पहिल्यापेक्षा जास्त उघडं राहू लागलं. शेखरने खांबाबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त येता-जाता तो खांबापाशी उभा राहून हळूच हात फिरवायचा, आणि हे शब्दांपेक्षा वाईट होतं.

अमरावतीतले मिस्त्री झाले. एकाने हातोडा मारला, दुसऱ्याने साबण लावला, तिसऱ्याने नुसतं बघून मान हलवली, आणि मला त्याचंच म्हणणं सगळ्यांत विश्वासार्ह वाटलं. तो म्हणाला, "साहेब, याचा कुलपाचा खटका झिजला. आता असा खटका भेटत नाई. अकोल्याले देवमन आहे, जुन्या व्हॅनी तोडते. त्याच्याजवळ असंल."

म्हणून मी आणि पुंजाजी अकोल्याला निघालो. हायवेने गेलो असतो तर ही कथा इथेच संपली असती. पण पुंजाजींनी तांत्रिक मुद्दा काढला की हायवेवर वेगात दार उघडलं तर तुटून जाईल, त्यापेक्षा दर्यापूरच्या रस्त्याने हळूहळू जावं. तो रस्ता काळ्या मातीवरून जातो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता कालांतराने नदीसारखा होतो. खड्डे नसतात, लाटा असतात. व्हॅन लाटेवर चढली की दार मागे जाई, उतरली की पुढे येई. दोन्ही बाजूंना हरभरा सोंगायला आलेला, वर फिकट आभाळ, आणि दार आपलं हळू हळू येतंय, जातंय. पुंजाजी पेंगू लागले. मला तर असं वाटायला लागलं की आपण होडीत आहोत आणि मागे कुणीतरी अदृश्य माणसं एकेक करून चढतायत.

ती माणसं अदृश्य नव्हती. दर्यापूरच्या अलीकडे एका फाट्यावर म्हशी आडव्या आल्या म्हणून मी ब्रेक मारला. दार धाडकन पुढे आलं, आपटलं आणि झोकात मागे जाऊन सताड उघडलं. फाट्यावर जीपची वाट पाहणारी माणसं उभी होती. डावीकडे व्हॅन थांबते, दार उघडतं, याचा अर्थ आमच्या वऱ्हाडात एकच होतो, आणि तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हशी बाजूला होईपर्यंत व्हॅन भरली. ओल्या हरभऱ्याची मोठी जुडी घेतलेली एक म्हातारी सगळ्यांत पुढे माझ्या पाठीशी येऊन बसली आणि म्हणाली, "चाला मामा."

मी मागे वळून, शक्य तितक्या सौम्य आवाजात म्हणालो, "आजी, ही खासगी गाडी आहे."

"आमी कुठी सरकारी म्हन्लं?" म्हातारी म्हणाली. "सरकारी तं एसटी रायते."

आता सत्तरीच्या बाईला, तेही हरभऱ्यासकट, उन्हात उतर म्हणणं आमच्यात बसत नाही. मी गाडी सुरू केली. म्हटलं, पुढच्या गावी उतरतील. उतरलेही. पण उतरवायला ब्रेक मारावा लागे, ब्रेक मारला की दार तसंच झोकात उघडे, आणि दोघं उतरले की चौघं चढत. पुंजाजी पार जागे झाले होते. त्यांनी मागे तोंड करून सगळ्यांची गावं विचारून घेतली, एकाचा मावसभाऊ त्यांच्या खात्यात होता हे शोधून काढलं, आणि कुणाला कुठे उतरायचं हे मला परस्पर सांगू लागले. लोक उतरताना भाडं देऊ लागले, ते मी हात जोडून नाकारलं. मला वाटलं, निदान इथे तरी माझी प्रतिष्ठा राखली जातेय.

नेमकं तेच नडलं. एक जीपवाला बराच वेळ आमच्या मागे रिकामा येत होता. भाडं घेऊन नेणारा परका माणूस त्याने एकवेळ सहन केला असता. फुकट नेणारा म्हणजे धंद्यावरच घाला. त्याने कुणाला तरी फोन केला असावा, कारण पुढच्या चौफुलीवर तपासणीची गाडी उभी होती आणि साहेबांनी आम्हालाच हात दाखवला. मी थांबलो. दार उघडलं.

साहेबांनी आत पाहिलं. "प्रवासी वाहतूक?"

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी म्हणाली, "कायची वाहतूक? आमी सोयरे आहो याईचे."

"असं का. मग यांचं नाव काय?"

म्हातारीने साहेबांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जावई आहेत थे माह्ये. जावयाचं नाव घेतात का साहेब?"

साहेब विचारात पडले. त्यांनाही सासू असावी. मागून सगळ्या गाडीने माना डोलावल्या, आणि पुंजाजींनी गंभीरपणे "लाडके जावई" अशी पुस्ती जोडली. प्रकरण तिथे मिटत होतं. पण माझ्यात एक वाईट खोड आहे. अर्धवट झोपेत असलो की मी खरं बोलतो. मी म्हणालो, "साहेब, मी वकील आहे. मी खोटं सांगणार नाही. या बाईंना मी ओळखत नाही."

म्हातारी हरभरा घेऊन खाली उतरली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "घ्या. सोयरा केला तं थोच नाई म्हन्ते." तिच्या आवाजात इतकं खरं दुःख होतं की मला क्षणभर वाटलं, आपण खरोखर एका सासूला दगा दिला. व्हॅन जमा झाली. सगळे प्रवासी मागच्या जीपमध्ये चढले, आणि परतीच्या वाटेवर त्याच जीपवाल्याने मला आणि पुंजाजींना मागच्या फळीवर बसवून नेलं. पुंजाजी वाटेत एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, खरं बोलाले बी टाइम असते."

व्हॅन आरटीओच्या ज्या आवारात उभी केली, तिथले साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की प्रवासी वाहतुकीचं बघू, पण मुख्य अडचण दाराची आहे. दार लागत नाही तोवर ही गाडी रस्त्यावर सोडता येणार नाही.

"मग मी ती दुरुस्तीला नेतो."

"रस्त्यावरून न्यावी लागेल ना."

"मग इथेच दुरुस्त करतो."

त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. आवारात वाहनदुरुस्तीस सक्त मनाई. मी इतकी वर्षं वकिली करतोय, पण इतका चारी बाजूंनी बंद युक्तिवाद माझ्या पाहण्यात नव्हता. त्याला कुठेही फट नव्हती. माझ्या व्हॅनवर असं एखादं दार असतं तर काय हवं होतं, असा विचार करत मी घरी आलो.

मग तारखा सुरू झाल्या. आज साहेब दौऱ्यावर, उद्या मीटिंग, परवा सुट्टी. कोर्टात मी लोकांना हेच सांगत आलो आहे, की थांबा, होईल, आणि लोक माझ्याकडे कसे पाहतात हे मला तेव्हा कधी दिसलं नव्हतं. आता मी घरी आलो की कुंदा त्याच नजरेने पाहायची. बोलायची फक्त एवढंच, "सुटली का?" मी नाही म्हटलं की ती मान हलवून पुन्हा खिडकीकडे वळायची. वॉकर धरून ती रोज व्हरांड्यात फेऱ्या मारत होती, कालच्यापेक्षा दोन पावलं जास्त, कशासाठी ते मला कळत होतं. गोपालचा फोन आला की ती स्पीकर लावत नसे. एकदा मीच ऐकलं. तो सांगत होता, "ताई, फुलं गळाले लागली. ट्रॅक्टरवाला शनिवारी येतो म्हन्ते. थांबवू का?" कुंदा म्हणाली, "नको रे. तुझं काम कशाला खोळंबवतो. जमलं तर येईन."

त्या दुपारी जेवून आडवा झालो तर डोळ्यांपुढे व्हॅन आली. ती संत्र्याच्या झाडांच्या बरोबर वरून, शेंड्यांना न लागता, संथपणे चालली होती. दार उघडं होतं आणि दारात पाय सोडून एक लहान मुलगी बसली होती, हातात सुतळी धरून. तिचा चेहरा मला दिसला नाही. मी उठून बसलो. या बाईने आजवर माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती देणं मला जमत नव्हतं. मी तसाच पुंजाजींच्या घरी गेलो आणि म्हणालो, "पुंजाजी, माझं डोकं संपलं. तुम्हीच काहीतरी करा."

पुंजाजी शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले. जाताना अकोल्याच्या देवमनला फोन करून खटका घेऊन थेट आवारातच बोलावलं. साहेबांसमोर बसून त्यांनी कायद्याचा शब्द काढला नाही. कुंदाचा गुडघा सांगितला, विहिरीजवळचं झाड सांगितलं, शनिवारचा ट्रॅक्टर सांगितला. साहेब ऐकून घेत राहिले. शेवटी उठले आणि म्हणाले, "मी जरा बाहेर चहा घेऊन येतो. आलो आणि दार लागलेलं दिसलं, तर ते आधी लागत नव्हतं याला माझ्याकडे तरी काही पुरावा नाही."

देवमनने तेवढ्या वेळात काम केलं. खटका नेमक्या आमच्या व्हॅनचा नव्हता. तो कुठल्याशा मालवाहू गाडीचा, तळहाताएवढा, काळाकभिन्न होता. देवमनने घासून, ठोकून बसवला, दार ओढलं आणि असा आवाज आला की आवारातली कबुतरं उडाली. "आता हे दार यमाले बी उघडनार नाई," तो म्हणाला. मला ते फार आवडलं. साहेब चहा घेऊन आले, दार दोनदा उघडून-लावून पाहिलं, आणि दंडाची पावती देऊन गाडी सोडली.

शुक्रवारी दुपारी आम्ही मोर्शीला निघालो. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. कुंदा मागे पाय लांब करून, केसांना तेल लावून, ठेवणीतली साडी नेसून बसली होती. पुंजाजी माझ्या शेजारी. मी वाटेत गरज नसताना चारदा ब्रेक मारला, आणि चारही वेळा मागे काहीही झालं नाही. ती शांतता मला किती गोड वाटली हे ज्याच्याकडे धड दाराची गाडी आहे त्याला कळणार नाही. मोर्शी जवळ आली तसा वास येऊ लागला. आधी हलका, असेल-नसेल असा, मग एकदम सगळीकडे. पुंजाजी बोलायचे थांबले. आरशात पाहिलं तर कुंदाने डोळे मिटले होते. मी गाडी इतकी हळू केली की एक सायकलवाला पुढे गेला.

गोपालने बांधावरून रस्ता करून ठेवला होता. व्हॅन थेट विहिरीजवळच्या त्या झाडापाशी नेऊन उभी केली. झाड अर्धं वाळलेलं, पण उरलेल्या अर्ध्यावर अजून पांढरी फुलं होती. मी खाली उतरलो, विजयी मुद्रेने व्हॅनला वळसा घातला आणि दार ओढलं.

दार उघडलं नाही.

पुन्हा ओढलं. मग गोपालने ओढलं. मग गोपालने आणि मी, पुंजाजींनी 'हो' म्हटल्याबरोबर, एकदम ओढलं. आतून कुंदाने कळ फिरवून पाहिली. मागचा दरवाजा होता, पण तिथून उतरायचं तर सीटवरून पाय टाकून वाकावं लागणार, आणि नव्या गुडघ्याला ते शक्य नव्हतं. काच सरकत होती, चार बोटं. मी देवमनला फोन लावला.

"म्हन्लं नव्हतं का साहेब," तो खुशीत म्हणाला, "यमाले बी उघडनार नाई."

"अरे, माझी बायको आत आहे."

"मंग तं चांगलंच झालं. कुठी पडनार नाई."

ऊन उतरायला लागलं. बगीच्यातली कामाची माणसं जमली. ज्याला त्याला एकेक युक्ती सुचत होती, आणि मी प्रत्येक युक्तीला मान देत इकडून तिकडे पळत होतो, सोबत देवमनच्या कामाचं समर्थनही करत होतो. खटका उत्तम आहे, नवा आहे, जरा बसला की मोकळा होईल, असं काहीतरी. मग माझं लक्ष काचेकडे गेलं. कुंदा कुणाशी बोलत नव्हती. तिने त्या चार बोटांच्या फटीतून हात बाहेर काढला होता आणि झाडाची सगळ्यांत जवळची फांदी धरायला पाहत होती. फांदी वीतभर लांब होती. तिची बोटं हवेत उघडत होती आणि मिटत होती.

वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त, माझाच भयंकर राग आला. मी म्हणालो, "गोपाल, पहार आण. दार काढून टाक."

"भाऊजी, पत्रा फाटंल. पार कामातून जाईन थे."

"जाऊ दे."

"वकीलसाहेब," पुंजाजी हळूच म्हणाले, "एवढ्या मुश्किलीनं लागलं हो."

"पुंजाजी, तुम्ही धरा त्या बाजूने."

पहार फटीत घातली. पत्रा किंचाळला, वरची पट्टी निघाली, खालची चाकं निसटली. मी खांदा लावला होता, त्यामुळे दार आलं ते अर्धं माझ्या अंगावर. आम्ही दोघेही पाटाच्या चिखलात आडवे झालो. कुणी हसलं नाही. कुंदा उघड्या चौकटीत आली, वॉकर खाली ठेवला, एक पाय, मग दुसरा पाय. झाडं उपटायला सोपी जावीत म्हणून गोपालने आदल्या दिवशीच पाणी सोडलं होतं. वॉकरचे चारी पाय भुसभुशीत मातीत गेले. घरून खुर्ची आणली, तीही एका बाजूला खचली. झाडाखाली कोरडी अशी जागाच नव्हती.

तेव्हा गोपालने आणि पुंजाजींनी ते दार उचललं, आतली बाजू वर करून झाडाच्या बुंध्याशी पालथं घातलं, आणि गोपालने पंच्याने पुसलं. कुंदा त्यावर बसली, पाय लांब केला, पाठ झाडाला टेकली. वरून दोनचार फुलं पडली. तिने ती काढली नाहीत. बुंध्यावर हाताने चाचपत ती खाली गेली, जिथे डोळा भरल्याची जुनी गाठ असते तिथपर्यंत, आणि हात तिथेच ठेवला.

मग ती गोपालला म्हणाली, "नानांच्या हातचं होतं रे, म्हणून जीव अडकला होता. झालं माह्यं पाहून. उद्या येऊ दे ट्रॅक्टर." गोपालने मान वळवली आणि विहिरीकडे काहीतरी काम असल्यासारखा निघून गेला. त्याच्यामागे पुंजाजी गेले.

मी आपला चिखलाने भरलेला, हात कुठे ठेवावे ते न कळून उभा होतो. तोंडात माफीचं एक वाक्य तयार होतं, पण ते पार लेखी अर्जासारखं झालं होतं, म्हणून बोललो नाही. कुंदाने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काय पाहून राहिले?" ती म्हणाली. "बसा ना."

ती जरा सरकली. मी तिच्याजवळ त्या दारावर बसलो.